मूठभर कोंड्याचं बाळ

“हात ऊन कर आधी. त्या जिवानं काय गुन्हा केलाय तुझा गारठा सोसायला?”

चिमणाबाईंचा हा आवाज मला अजून ऐकू येतो. त्या जाऊन कैक वर्षं झाली. मी स्वतः नोकरी संपवून घरी बसले. तरी कुणाचं तान्हं उचलायला वाकले की माझे हात आपसूक आधी काखेत जातात. सुना हसतात. म्हणतात, अम्मींना बाराही महिने थंडी. हात ऊन झाले की मग उचलते.

तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला शहात्तर सालच्या हिवाळ्यात, कोल्हापुरातल्या आमच्या दवाखान्यात, कमी दिवसांच्या बाळांच्या खोलीच्या दारात उभी राहून. नर्सिंगची परीक्षा नुकतीच पास झालेली मी, शिवाजी पेठेतल्या ख्वाजा पिंजाऱ्याची जरीना. आमच्या घरी दिवसभर पिंजणाची तुण तुण चालायची. अब्बांच्या भुवयांत, चहाच्या बशीत, अम्मीच्या वेणीत, सगळीकडे कापूस. कुठल्या खोलीत नेमणूक झाली ते सांगितल्यावर अब्बांनी विचारलं, “केवढी असत्यात गं ती बाळं?” मी ओंजळ करून दाखवली. अब्बांनी पिंजलेल्या कापसाचा एक पुंजका त्या ओंजळीत ठेवला आणि म्हणाले, “अशी धर. दाबायचं न्हाय, सोडायचं न्हाय.”

खोलीत चार काचेच्या पेट्या होत्या. पेटीत दिव्याची ऊब असायची आणि त्या उबेत एकेक बाळ, अंगावर पुरती कातडी भरायच्या आधीच जगात आलेलं. गावाकडची माणसं म्हणायची, “आमचं काचेत ठिवलंय.” दाराच्या उंबऱ्यावर लाल रंगाची रेघ ओढलेली होती. रेघेच्या अलीकडं आम्ही, पलीकडं आजी, आत्या, मावश्या आणि जगातल्या सगळ्या काळज्या.

चिमणाबाई त्या खोलीच्या मोठ्या सिस्टर. नाव तेवढं चिमणीचं. दारात उभ्या राहिल्या की मागची भिंत दिसायची नाही. डॉक्टरसुद्धा चप्पल बाहेर काढली का ते खाली बघून मगच आत यायचे. एवढ्या आडव्या बाईची बोटं मात्र बाळाच्या अंगावर अशी फिरायची, की पाण्यावर उतरणारा बगळा जास्त आवाज करील.

त्यांनी मला शिकवलं. दुधाची नळी कशी धरायची, थेंब कसा सोडायचा, थेंब उतरेपर्यंत आपला जीव कसा आवरायचा. आणि एक गोष्ट पुस्तकात होती, पण मला ती कळली त्यांच्याकडूनच.

“ही पोरं श्वास विसरत्यात,” त्या म्हणाल्या. “पोटात आई घेत हुती ह्यांच्या वाटणीचा. सवय लागलीय. विसरलं की तळपायाला टिचकी मारायची. हळू. दारात पावणा आल्यागत.”

पहिल्या आठवड्यातच एक बाळ माझ्यासमोर श्वास विसरलं. ओठ निळे पडायला लागले. मी टिचकी मारली ती इतक्या भीत भीत, की पावणा दारातनं परत गेला असता. चिमणाबाईंचं जाडजूड बोट माझ्या खांद्यावरून आलं, टक् केलं, बाळानं तोंड वेडंवाकडं करून श्वास घेतला आणि वर आमच्यावर रागावलंसुद्धा. मी चादरींच्या कपाटामागं जाऊन रडले. मागून आवाज आला, “रडून झालं की नाक पूस आणि हात धू. दोन्ही.”

अशी मी शिकत होते, तेवढ्यात कोडोलीचं बाळ आलं.

ते आलं दुधाच्या गाडीतून. पहाटे घरीच बाळंतपण झालेलं, दिवस भरलेले नव्हते, दुसरी गाडी मिळेना. कॅनांच्या मधे जागा करून विठाबाई नावाची म्हातारी बसून आली, मांडीवर भाकरीची बुट्टी घट्ट धरून. बुट्टीत जुनं लुगडं, लुगड्यात कापूस, कापसात बाळ. पोरगा होता. मागून तिचा मुलगा कृष्णात बायकोला धरून चालवत आणत होता. ती बनाबाई. पंचविशीच्या आतली, उभ्या बांध्याची. सगळा दवाखाना त्या बुट्टीत डोकावून बघत होता. ती एकटी दुसरीकडं बघत होती.

बाळ पेटीत गेलं. चिमणाबाईंनी त्याला उलथंपालथं करून पाहिलं आणि मला म्हणाल्या, “चिवट हाय. पण ह्येला वरचं दूध पचायचं न्हाय. आईचं पायजे. जा, काढून आण.”

मी बाळंतिणींच्या खोलीत गेले. बनाबाई खाटेवर भिंतीकडं तोंड करून बसली होती.

“बनाबाई, थोडं दूध काढून द्या की. बाळाला पाहिजे.”

“मला बाळ न्हाय,” भिंतीकडूनच उत्तर आलं.

“असं काय म्हणता? पेटीत हाय की. या, दावते.”

“न्हाय म्हटलं न्हवं? इचारा आत्तीस्नी.”

आत्ती म्हणजे विठाबाई, तिची सासू. ती बाहेर पायरीवर बसून तंबाखू मळत होती. मला वाटलं होतं, सुनेला चार शिव्या हासडील. तिनं मला शेजारी बसवून घेतलं.

“तीन गेली तिची,” ती म्हणाली. “पयल्याचं नाव ठिवलं, बारशाचा पाळणा सोडायच्या आत गेला. दुसरीला नुस्तं पोटाशी धरून ‘माझी बाय’ म्हणली. ती गेली. तिसऱ्याला मांडीवर घिऊन ओवी म्हणत हुती. आवाज लई ग्वाड हाय तिचा. सारी आळी जात्यावर यायची ऐकाय. तर ओवी संपली न्हाय तवर पोरगं गार. तवापास्नं गाणं बंद. म्हणती, आत्ती, माझी जीभच वंगाळ हाय. मी माझं म्हटलं की जातंय. आता ह्या पोराकडं बगत बी न्हाय. बगितलं तर ‘माझं’ म्हणल ना ती.”

“मग दूध?”

“दूध आईच दिती न्हवं बाई? दिलं तर आई झाली की ती.” म्हातारीनं तंबाखूची चिमूट गालात ठेवली. “त्येला एक उपाव हाय. आमच्यात असं पोर इकत्यात.”

मी उठलेच.

“बस की गं! खरंखुरं न्हवं. मूठभर कोंड्यात इकायचं. आमच्या आळीत दोन कोंडिबा हायत तसलं, बैलागत वाढल्यात. एकदा इकलं की पोर त्या घरचं. आपून नुस्तं राखायचं. सटवी आली लेकरू न्ह्यायला तर तिला ह्या दारात सापडत न्हाय. पाच वर्सं झाली की कोंडा परत द्यायचा, पोर परत घ्यायचं.” ती जरा थांबली. “तू घेतीस?”

“मी? माझं लगीन बी झालेलं न्हाय, आत्ती. ज्यांची पोरं जगत्यात त्यास्नी इकत असतील ना?”

“तुझी चार हायत की आत काचेत. सगळी जगत्यात तुझ्या हातनं. आनी तू मुसलमानाची. सटवीला तुमच्या दाराची वाट ठावं न्हाय.”

हे सगळं मी चिमणाबाईंना जाऊन सांगितलं. बोलणी खायची तयारी करूनच सांगितलं. त्या नळी धुवत होत्या. धुणं थांबवलं नाही.

“हितं काय बाजार भरलाय बाळांचा? शिकल्या-सवरल्या पोरी तुम्ही!” असं म्हणून त्यांनी नळी झटकली. मग विचारलं, “त्यानं दूध येईल?”

“येईल म्हणतायत.”

“मग आण कोंडा. चाळून आण. माझ्या खोलीत किडा दिसला तर तुला इकीन.”

घरी अम्मी कणीक चाळत होती. तिचं नाव सुगरा, आणि पेठेत तिच्या भाकरीइतकीच तिच्या तोंडाचीही ख्याती. मी चाळणीतला कोंडा मागितला, कशाला ते सांगितलं. तिनं चाळणी खाली ठेवली.

“निकाह न्हाय, न्हवरा न्हाय, आनी लेकरू घ्याय निघाली! आता मी शेजारणीस्नी काय सांगू?”

अब्बांनी पिंजण थांबवलं. “सांग, जावई यायच्या आधी नातू आला. ह्या घरात सगळंच उलटं.”

अम्मीनं कोंडा तीनदा चाळला. कागदात बांधून देताना मात्र हळूच विचारलं, “जगंल न्हवं गं?” आणि मी उत्तर द्यायच्या आत स्वतःच म्हणाली, “जगंल. आता आमचं हाय.”

व्यवहार लाल रेघेवर झाला. विठाबाईचं म्हणणं, पोर उंबऱ्यावरून पलीकडं गेलं पाहिजे. चिमणाबाईंचं म्हणणं, पोर पेटीतून बाहेर निघणार नाही. दोघी कोल्हापूरच्या, आवाज खालच्या फाटकापर्यंत गेला. शेवटी चिमणाबाईंनी पेटीच ढकलत ढकलत दारापर्यंत आणली आणि तिची चाकं रेघेला टेकवली. “एवढंच. ह्याच्या म्होरं ब्रह्मदेव आला तरी न्हाय.”

रेघेपलीकडं बनाबाई उभी होती, मान एका बाजूला वळवून. तिनं पदर पसरला. मी कागद सोडला आणि कोंडा तिच्या पदरात ओतला. कोंड्याला काय वजन असतं? पण तिचा पदर पुरता खाली गेल्यासारखा मला दिसला.

“दिलं,” ती म्हणाली.

“घेतलं,” मी म्हणाले.

“नाव सांग,” विठाबाई म्हणाली. “मालकिणीनं नाव ठेवायचं असतंय.”

हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. माझ्या तोंडून निघालं, “गैबी.” आमच्या थोरल्या चुलत्यांचं नाव. डोळ्यांना जे दिसत नाही त्याला आमच्यात गैब म्हणतात. या बाळाला काही दिवस कुणाच्याच डोळ्यांना दिसू नये, असं मला वाटलं असावं. मी घाबरून म्हातारीकडं पाहिलं. शेतकऱ्याच्या घरात हे नाव चालेल का?

“झ्याक,” ती म्हणाली. “आमच्या गावात एक गैबी हायच. पाटलाचा. पैलवान हाय.”

पेटीवर एक चिठ्ठी चिकटवलेली असायची, आईच्या नावाची. विठाबाईनं तिच्याकडं बोट केलं. “ती काडा. सटवी वाचंल.”

“चिठ्ठी निघणार न्हाय,” चिमणाबाई म्हणाल्या. “बाळं बदलली म्हंजी?” पेटी जागेवर नेल्यावर मात्र मी पाहिलं, त्यांनी चिठ्ठी सोडवून अक्षरं आतल्या बाजूला करून पुन्हा चिकटवली होती. मी बघतेय असं दिसल्यावर म्हणाल्या, “ज्याला वाचायचीय तो वाकून वाचंल. काम कर तू.”

त्याच दिवशी दूध आलं. झाकलेली वाटी, वर पदराचा कोपरा. “घ्या,” बनाबाई म्हणाली, “तुमच्या पोराचं.”

मग रोजच यायला लागली. रेघेपाशी, पाठ काचेकडं करून उभी राहायची. “तुमचं पोरगं कसं हाय? रात्री निजलं का? टिचकी लागली का?” मी सांगायचे, आज दूध पचलं, आज जांभई दिली, आज माझं बोट धरलं. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “द्वाड दिसतंय. मालकिणीवर गेलंय.” बाहेर बसलेल्या बायका तिला विचारायच्या, कुणाचं गं ते कोपऱ्यातलं? ती माझ्याकडं बोट करायची. “त्या बाईंचं.” मग त्या बायका माझ्या मोकळ्या गळ्याकडं आणि सडपातळ पोटाकडं बघत बसायच्या, आणि मी नळी धुवायला पळायचे.

बाळ मात्र काठावरच होतं. एक दिवस चढायचं, दोन दिवस उतरायचं. डॉक्टर काही बोलत नव्हते, आणि डॉक्टरांचं न बोलणं मला आता वाचता यायला लागलं होतं.

मग एका दुपारी वीज गेली.

त्या वर्षी थंडी कडक होती. पन्हाळ्याकडून वारा सुटलेला. आधी आम्ही म्हटलं, येईल. मग निरोप आला की मोठा बिघाड आहे, दिवेलागणीपर्यंत काही सांगता येत नाही. पेट्यांमधली ऊब हळूहळू निघून जायला लागली. चिमणाबाईंनी खिडक्यांच्या फटीत चादरी कोंबल्या, गरम पाण्याच्या बाटल्या मागवल्या. बाटल्या किती पुरणार? बाळांचे तळवे गार पडायला लागले.

“आया बोलवा,” त्या म्हणाल्या. “रेघ गेली खड्ड्यात. हात-पाय धुऊन आत घ्या सगळ्यांना. बाळ उघड्या उराशी लावायचं, वरनं कापूस, वरनं घोंगडं. बाईच्या अंगाइतकी चांगली पेटी अजून कुठल्या कारखान्यात निघाली न्हाय.”

तीन आया आल्या. आपापलं बाळ घेऊन भिंतीला टेकून बसल्या. चौथी दारात थांबली.

गैबी श्वास विसरत होता. टिचकी मारली की घ्यायचा, पुन्हा विसरायचा. माझं बोट त्याच्या तळपायावरून हलत नव्हतं.

“बनाबाई, या आत.”

“न्हाय.”

“गार पडतंय वो ते!”

“तुमी घ्या. तुमचं हाय. माझ्या अंगाला लावू नगा. माझं अंग वाईट हाय.” ती मागं सरकली. भिंतीत शिरता आलं असतं तर शिरली असती. “मी धरलं की जातंय. तुमास्नी ठावं हाय, तरी बलीवतासा?”

चिमणाबाई एका बाळावर वाकलेल्या होत्या. त्या आता ओरडतील, असं मला वाटलं. त्या माझ्याकडं बघत राहिल्या.

मी तोवर त्या खोलीत कधी मोठ्यानं बोलले नव्हते. पण पेठेत वाढलेल्या पोरीच्या गळ्यात काय असतं ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

“कुणाचं हाय हे पोरगं?” मी ओरडले. “सांग! कुणाचं?”

बनाबाई दचकली. “तुमचं.”

“कोंडा दिलाय न्हवं मी? तू पदरात घेतलास न्हवं? मग मालकीण मी हाय! मला अजून तीन बाळं बघायची हायत, माझे हात मोकळे न्हाईत. माझं लेकरू मी तुझ्याकडं राखाय देते. तुझं न्हाय ते. तुला कुणी तुझं म्हणाय सांगितलंय? लोकाचं बाळ हाय, राखायचं, दूध पाजायचं, आनी मागितलं की परत द्यायचं. व्हय का न्हाय?”

ती माझ्याकडं बघत राहिली. खालचा ओठ हलत होता. एवढ्या दिवसांत तिनं माझ्या डोळ्यांत पहिल्यांदाच पाहिलं.

“मागितलं की परत,” ती म्हणाली.

“परत.”

ती आत आली. चिमणाबाई बोलल्या त्या एवढंच, “हात ऊन कर आधी.” बनाबाईनं हात काखेत धरले, मग तोंडाशी नेऊन फुंकले, मग पुन्हा काखेत. तिला घाई नव्हती की भीती होती, कोण जाणे. मी तिच्या चोळीच्या गाठी सोडल्या आणि गैबीला तिच्या उराशी लावलं, बेडकाच्या पिल्लासारखा पसरून. वर अब्बांनी खोलीसाठी पिंजून दिलेला कापूस, वर तिच्या सासूचं घोंगडं. तिनं डोळे मिटून घेतले होते. माझं बोट घोंगड्याखाली, बाळाच्या तळपायावर.

श्वास. श्वास. मग काही नाही. टिचकी. श्वास.

किती वेळ असं चाललं ते आठवत नाही. मधेच कुठून तरी बारीक गुणगुण ऐकू यायला लागली. आधी मला वाटलं बाहेर कुणी आहे. मग कळलं, माझ्या बोटाखालचा तो तळपाय त्या आवाजानं थरथरतोय. गाणं तिच्या उरातून येत होतं.

*लोकाचं बाळ बाई, ह्या पदरात झोपलं*
*वाऱ्या, पल्याडनं जा रं, दार पदराचं लोटलं*

दारात विठाबाई उभी होती. तिनं पदर तोंडाशी नेला. भिंतीला टेकलेल्या तिन्ही बायांनी माना वळवल्या.

*लोकाच्या बाळासाठी काळीज बाई का तुटं*
*नका पुसू गं बायांनो, पान्हा कुणासाठी फुटं*

एक संपली की दुसरी. पाटात पाणी सोडावं तशी ओवीमागून ओवी. कुठंही ‘माझं’ नाही. प्रत्येक ओवीत ते लोकाचं बाळ, जरीनाबाईचं बाळ, पेठेतल्या पिंजाऱ्याचा नातू. जिथं जिथं ‘माझं’ यायला पाहिजे तिथं तिचा आवाज पायाखालचा काटा टाळावा तसा वळून जात होता. आणि तिच्या छातीच्या त्या वरखाली होण्याला धरून गैबी श्वास घेत होता. माझ्या बोटाला टिचकी मारायचं काम उरलं नाही.

“गाऊ दे,” चिमणाबाई माझ्या कानाशी म्हणाल्या. “ठेका गावलाय त्याला.”

वीज दिवेलागणीला आली. दिवे लागले, पेट्यांचं गुणगुणणं सुरू झालं. मी बाळ घ्यायला हात पुढं केले, तर चिमणाबाईंनी मनगट धरलं. “ऱ्हाऊ दे अजून. पेटी काय पळून जात न्हाय.”

त्या दिवसानंतर ती रोज आत येऊन बसायला लागली. लाल रेघ होती तिथंच होती; तिच्यापुरती चिमणाबाईंना ती दिसत नव्हती. गैबीच्या गालांवर आधी मऊ लव आली, मग मांस आलं, मग मिजास आली. दवाखान्यातून घरी निघाले तेव्हा विठाबाईकडं तीच भाकरीची बुट्टी होती, पण आता पाय बाहेर येत होते. बनाबाई माझ्यासमोर उभी राहिली.

“न्हेतो तुमचं पोरगं. नीट राखीन.”

“राख,” मी म्हणाले. त्याच्या तळपायाला एक टिचकी मारली. गरज नव्हती. तो खवळला.

वर्षाकाठी एकदा ते यायचे. शेंगांचं गाठोडं, गुळाची ढेप, आणि मधे गैबी. बनाबाई तक्रारी घेऊन यायची, जशी शेजारीण यावी. “तुमच्या पोरानं म्हशीच्या शेपटीला गाठ मारली बगा. तुमचं पोरगं भात खात न्हाय. तुमच्या पोराला सांगा काय तरी.” मी त्याला रागे भरायचे. तोवर माझं लग्न झालं होतं. सासरी पहिल्यांदा ही मंडळी येऊन “तुमचं पोरगं” म्हणाली तेव्हा माझ्या सासूच्या हातातली बशी कलंडली. अम्मीनं येऊन सगळं समजावलं, आणि तेही असं, की निम्मी गल्ली ऐकायला गोळा झाली.

पाच वर्षांत बनाबाईच्या तोंडून तो शब्द एकदाही निघाला नाही. ताप आला, देवी टोचल्या, शाळेत नाव घातलं, तिथं मास्तरांनी विचारलं, “आई तूच न्हवं?” तर म्हणाली, “राखणदारीण.” कृष्णात सांगताना हसायचा, आणि हसता हसता दुसरीकडं बघायचा.

मग मुदत भरली.

ते आले तेव्हा मी खोलीतच होते. चिमणाबाईंचं ते नोकरीतलं शेवटचं वर्ष. त्या खुर्चीवर बसून कापसाचे बोळे करत होत्या. विठाबाई आता काठीशिवाय चालत नव्हती, ती पायरीवरच बसली. बनाबाईनं लाल रेघेपाशी येऊन कागदाची पुडी माझ्यासमोर धरली. कोंडा होता. चाळलेला.

मी पदर पसरला. तिनं ओतला. मी गैबीचा हात धरून तिच्या हातात दिला.

“घे. तुझं तुला दिलं.”

“घेतलं,” ती म्हणाली. आणि उभीच राहिली.

“म्हण की गं आता,” पायरीवरून विठाबाई ओरडली. “मोकळी झालीस की!”

बनाबाईनं तोंड उघडलं. मिटलं. “जिभेला सवय न्हाय, आत्ती,” ती म्हणाली. “आनी… झालं की. घेतलं न्हवं? चला, गाडी जाईल.”

पाच वर्षं जी भीती ती कोंड्याखाली झाकून वागवत आली होती, ती कोंडा परत दिल्यावर उघडी पडली होती. तिच्या चेहऱ्यावर मला तो पहिल्या दिवसाचा, भिंतीकडं वळलेला चेहरा दिसला. मी काही बोलणार तोच चिमणाबाईंनी बोळे करता करता मान हलवली. गप ऱ्हा.

गैबीनं मात्र आईचा हात सोडला आणि काचेला नाक लावलं. “ह्यात मी हुतो? एवढ्याशात?” त्याचा आवाज पैलवानाचाच होता. “मग माझं पाय कुठं हुतं?”

त्याच्या आवाजानं बाकावरची एक मुलगी वळली. आदल्या दिवशी कागलकडून आलेली, पहिलटकरीण. तिचं बाळ कोपऱ्यातल्या पेटीत होतं, गैबीच्याच. सकाळपासून ती भिंतीकडं तोंड करून बसली होती. मी दोनदा हाक मारली तरी उठली नव्हती. आता ती त्या पोराकडं बघत होती. त्याच्या खरचटलेल्या गुडघ्यांकडं, नाकाचा ठसा उमटलेल्या काचेकडं. मग तिनं बनाबाईकडं पाहिलं.

“ह्यो… त्यातला हाय?” तिनं विचारलं. “खरंच त्या पेटीतला? कुणाचं हो हे पोरगं?”

सवयीनं बनाबाईचा हात उठला. बोट माझ्याकडं यायला निघालं, आणि वाटेतच थांबलं.

ती त्या मुलीजवळ गेली. बाकावर टेकली. दोन्ही हात काखेत घालून ऊन केले आणि तिच्या पाठीवर ठेवले.

“माझं,” ती म्हणाली.

आधी इतकं हळू, की मला फक्त ओठ दिसले. तिनं श्वास धरला. काचेपाशी गैबी उड्या मारत होता. त्याला काही झालं नाही. मग पायरीवरच्या म्हातारीला, पेट्यांतल्या चारही बाळांना आणि बाहेर रस्त्यावर थांबलेल्या कृष्णातलासुद्धा ऐकू गेलं असेल, अशा मोठ्या आवाजात ती म्हणाली,

“माझं हाय की गं! माझं पोरगं हाय त्ये!”